खूण नसलेल्या पासष्ट

मांडणीवर एकशे चव्वेचाळीस बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. बुडाला निळी खूण असलेल्या अठ्ठेचाळीस, लाल खुणेच्या एकतीस, पिवळ्या खुणेची एकही नाही आणि खूणच नसलेल्या पासष्ट. यशवंतने तिसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा त्याने हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. तिचं टोक मोडलं आणि त्याच्या डोक्याला आणखीच ताप झाला.

सकाळी त्याने स्वतः मेणाच्या पेन्सिलीने या बाटल्यांच्या बुडांवर खुणा केल्या होत्या. धुणाऱ्या तिघींपैकी सावित्रीबाईंच्या वाट्याच्या अठ्ठेचाळीस निळ्या, शालनच्या तेवढ्याच लाल, कौशल्याबाईंच्या तेवढ्याच पिवळ्या. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात ही खूण टिकते, हे त्याने आदल्या दिवशी पाहून घेतलं होतं. बाटली आतून ब्रशने घासतात आणि बाहेरून नुसता हात फिरवतात, तेव्हा बुडाला कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. तिघींपैकी कुणालाही त्याने खुणांचा अर्थ सांगितला नव्हता, कारण सांगितलं असतं तर तिघी त्या दिवसापुरत्या नीट वागल्या असत्या आणि प्रयोगाला अर्थ उरला नसता. कॉलेजात हेच शिकवलं होतं.

चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, मुंबई रस्त्याला लागून पत्र्याच्या चार शेड होत्या, तोच कारखाना. शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन, इथे बाटल्यांत भरून पुण्याच्या दवाखान्यांना जायचं. यशवंत बी.एस्सी. झाल्यावर आठ महिन्यांपूर्वी इथे केमिस्ट म्हणून लागला होता. सत्तावन्न सालच्या मार्च महिन्यात एका दवाखान्याने दोन पेट्या परत पाठवल्या. बाटल्यांत पांढरे कण तरंगत होते. मॅनेजर दौलतरावांनी पेटी यशवंतच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तिघींपैकी एक घाण करतीय. शनिवारी मला कागदावर एक नाव पाहिजे. सोमवारपासून ती बाई घरी."

मग जाता जाता म्हणाले, "आणि नाव मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त लिहायचं."

ते कुणाबद्दल बोलत होते हे यशवंतला कळलं होतं. सावित्रीबाई आणि शालन आठ वाजता हात घालायच्या आणि बारा वाजेपर्यंत अठ्ठेचाळीस बाटल्या उरकून पुढच्या अठ्ठेचाळिसाला लागायच्या. कौशल्याबाईंना तेवढ्याच बाटल्यांना साडेचार वाजायचे. पंचावन्नच्या पुढच्या, नगरकडच्या, विधवा. बोटांची सालं निघालेली. कुणी काही बोललं की मान खाली.

आणि यशवंतची खरी अडचण पुढेच होती. कौशल्याबाई त्याच्या मंडळीतल्या होत्या. पिंपरीच्या शाळेच्या एका खोलीत रविवारी पंधरा-वीस ख्रिस्ती माणसं उपासनेला जमायची. यशवंत पुढे उभा राहून शास्त्रवाचन करायचा, आणि कौशल्यामावशी दारापाशी, चपलांच्या शेजारी बसायच्या. रविवारी तो त्यांना मावशी म्हणायचा, त्या त्याला यशवंता. सोमवारी कारखान्यात त्या त्याला "साहेब" म्हणायच्या आणि ओळखही दाखवायच्या नाहीत. याचं त्याला सुरुवातीला बरं वाटलं होतं. नंतर बरं वाटल्याची लाज वाटली, आणि आता दोन्हींचा वैताग आला होता. पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको, म्हणूनच तर हा खुणांचा खटाटोप.

तो धुण्याच्या शेडमध्ये गेला. तिघी हातपाय धुऊन निघायच्या बेतात होत्या.

"बाटल्यांच्या बुडावरच्या खुणा कुणी काढल्या?"

सावित्रीबाई चिंचवड गावठाणातल्या. गावची जमीन, दारात बैल आणि तोंडात कायम उत्तर. "कसल्या खुना? आमी बाटल्या धुतो, बुडं न्हाई बघत बसत. तुमीच बघा, बी.एस्सी. हाय तुमी."

शालन दाराबाहेर पाहत होती. ती बीडकडची, विशीतली, कामाला लागून दोन महिने झालेले. नवरा चाकणच्या कांद्याच्या बाजारात गोणी उचलायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. चार महिन्यांचं पोर ती कुंपणापाशी चिंचेच्या झाडाला लुगड्याच्या झोळीत टांगून ठेवायची.

"मी काढल्या," कौशल्याबाई म्हणाल्या.

"का?"

"मळ होता साहेब. बुडाला पिवळं पिवळं काहीतरी चिकटलेलं. काथ्याच्या बोळ्यानं घासलं तेव्हा कुठं निघालं. फार चिवट होता."

"तो मळ नव्हता! ती खूण होती. मी केलेली!"

कौशल्याबाईंनी डोळे वर केले. "अगंबाई. मग सांगायचं होतं की."

सावित्रीबाई फसकन हसल्या. यशवंतने दात आवळले.

"बरं, पिवळ्या अठ्ठेचाळीस तुमच्या होत्या. त्या पुसल्या, ठीक. लाल सतरा कशा गेल्या? लाल तुमच्या नव्हत्याच."

कौशल्याबाईंनी पिशवीचं तोंड बांधायला घेतलं. शालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"मी विचारतोय."

"लाल बी मळच दिसला साहेब," कौशल्याबाई पुटपुटल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

पूर्ण दिवस वाया गेला, असं यशवंतला वाटलं. पण कागदावर मांडलेला प्रयोग अर्धा टाकवेना, म्हणून त्याने संध्याकाळीच एकशे चव्वेचाळीसही बाटल्या भरून घेतल्या, बुचं लावून घेतली, वाफेच्या भांड्यात तापवून घेतल्या. वाफेत खुणा पुसल्या गेल्या तरी घोळ होऊ नये म्हणून तिन्ही गट आधीपासूनच वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले. शुक्रवारी सकाळी काळ्या फळीपुढे दिवा लावून तो एकेक बाटली उलटी करून पाहायला बसला. कण असेल तर काळ्यावर चटकन दिसतो.

निळ्या अठ्ठेचाळीस. गढूळ, आठ.

लाल एकतीस. गढूळ, सहा.

खूण नसलेल्या पासष्ट. गढूळ एकही नाही.

त्याने पासष्टही पुन्हा पाहिल्या, या वेळी खिडकीचा पडदा ओढून. एकही नाही. मग तो खुर्चीला टेकून बसला, आणि कालपासून ज्या माणसावर तो चिडला होता त्याच माणसावर वेगळ्या कारणाने चिडला. बाटली बुडापर्यंत घासणारी बाई एकच, आणि खूण पुसली जायची ती तिच्याच हातून. खूण नसलेली प्रत्येक बाटली कौशल्याबाईंच्या हातची. पण त्यांना तर अठ्ठेचाळीसच दिल्या होत्या.

बाराची सुट्टी झाली. यशवंत आपला डबा तसाच ठेवून शेडच्या मागच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सावित्रीबाई सावलीला भाकरी सोडत होत्या. शालन झोळीतून पोर काढून पदराखाली घेऊन बसली होती. आणि शेडमध्ये कौशल्याबाई एकट्या, शालनच्या धुऊन ठेवलेल्या बाटल्यांतली एकेक उचलून पुन्हा पाण्यातून काढत होत्या. ओठ हलत होते. यशवंतला आधी वाटलं प्रार्थना चाललीय. मग लक्षात आलं, त्या मोजत होत्या.

तो आत गेला. "हे काय चाललंय?"

बाटली हातातून निसटता निसटता राहिली. "जेवायलाच जात होते साहेब."

"सुट्टीत दुसरीच्या बाटल्या धुता?"

"पोर रडतं तिचं. ती घाई करते, मग तिसरं पाणी नीट फिरत नाही. तिचा काय दोष? सुट्टीत सतरा-अठरा होतात माझ्याच्यानं. बाकीच्या राहतात." बाकीच्या राहतात, हे त्यांनी अपराध्यासारखं सांगितलं.

"आणि हे कुणाला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात?"

"काय म्हणजे! मॅनेजर तुम्हाला काढायला निघालेत. हळू काम करता म्हणून. परत आलेल्या बाटल्या तुमच्याच आहेत असं त्यांना वाटतं. उद्या मला नाव लिहून द्यायचंय!"

"मग माझं लिहा."

यशवंतने कपाळावर हात मारून घेतला. खरोखरच मारला.

"मावशी," कारखान्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हे निघालं, "तुमच्या एकाही बाटलीत कण नाही. एकाही नाही! मी दोनदा पाहिलंय. आणि तुमचं नाव लिहू?"

"शालनचं लिहिलं तर ती पोर घेऊन कुठं जाईल? मला काय, एकटीला किती लागतं. नावाचं एवढं काय घेऊन बसलास? ते वर, जिथं असायला पाहिजे तिथं लिहिलेलं आहे, तू मॅनेजरला दिलंस न दिलंस, तिथं काही खोडलं जायचं नाही."

यशवंतने विषय बदलला. "तुम्ही काय मोजत होता मघाशी?"

"पाणी. दर बाटलीला सात पाणी देते मी."

"सात? भिंतीवरच्या नियमाच्या फळीवर तीन लिहिलंय."

"मला कुठं वाचता येतं?" त्या म्हणाल्या. मग बाटली हलवत, "म्हणजे सावित्रीनं सांगितलं होतं तीन म्हणून. पण मिशनच्या दवाखान्यात बावीस वर्षं काचसामान धुतलं, तिथं नर्सबाई म्हणायच्या, स्वच्छ होईपर्यंत धू. आता स्वच्छ झालं ते कसं कळणार? काच तर पहिल्या पाण्यातच चमकते. मग मला शास्त्रातला तो कोड झालेला सरदार आठवला, नदीत सात वेळा बुडी मारणारा. नाव राहत नाही माझ्या ध्यानात. सहाव्या बुडीला वर येऊन तो घरी गेला असता तर? तसाच गेला असता ना, कोड घेऊन. म्हणून सात. तूच तर वाचलंस की गेल्या महिन्यात."

वाचलं होतं. यशवंतला आठवलं. वाचताना आपला उच्चार पुढे बसलेल्या शाळेच्या मास्तरांना कसा वाटत असेल, एवढाच विचार त्याच्या मनात होता.

"सात वेळा बुडण्याचा आणि सोड्याचा काही संबंध नाही," तो जवळजवळ ओरडलाच.

"नसेल," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या आणि पुढची बाटली उचलली. "पाच झाली होती. तुझ्या बोलण्यात विसरले. आता पहिल्यापासून."

संबंध आहे की नाही हे पाहणं मात्र यशवंतच्या हातात होतं. दुपारी त्याने बारा बाटल्या सोड्यातून काढल्या आणि प्रत्येक पाण्यानंतर आत थोडं शुद्ध पाणी हलवून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. सोडा उरला असेल तर पाणी गुलाबी होतं. तिसऱ्या पाण्यानंतर बारापैकी अकरा गुलाबी. चौथ्यानंतर सात. पाचव्यानंतर तीन. सहाव्यानंतर एक, अगदी पुसट. सातव्यानंतर एकही नाही. कारखान्याच्या विहिरीचं पाणी जड. उरलेला सोडा आणि ते पाणी मिळून तापवताना चुन्याचे कण धरत होते. त्याला सहा आलं असतं तर आवडलं असतं. निदान त्या सरदाराशी जुळलं नसतं.

शनिवारी तो आकडे घेऊन दौलतरावांपुढे उभा राहिला.

"नाव कुठाय?" दौलतराव म्हणाले.

"नाव नाही. कारण आहे. तीन पाणी पुरत नाही."

दौलतरावांनी चष्मा काढला. तीन पाण्यांचा नियम त्यांनीच दिवाळीनंतर केला होता. आधी पाच होती. फळीवर खाली त्यांची सही होती. "म्हणजे नाव माझं लिहायचं म्हणता?"

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणायचं काय राहिलंय? यशवंतराव, बाटली धुवायला सायन्स लागत नाही. हात लागतात. म्हातारीचे हात चालत नाहीत."

"त्या म्हातारीच्या पासष्टपैकी एक गढूळ नाही! सावित्रीबाईंच्या आठ आहेत, आणि त्यासुद्धा त्यांचा दोष नाही, त्या तुमच्या फळीप्रमाणे वागतात. आकडे बघा तरी!"

"आकडे तुमचे. खुणा तुमच्या. आणि त्या तिनं पुसल्या." दौलतराव हसले. "ती तुमच्यातली आहे, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

आठ महिने ज्याची भीती वाटत होती ते वाक्य एकदाचं आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. राग मात्र आला. "हो, आहे. रविवारी मी तिच्या पुढे उभा असतो. उलटं पाहिजे होतं. सोमवारी एक ग्रोस द्या मला. एकशे चव्वेचाळीस बाटल्या, तिघींनी धुतलेल्या, सात पाणी, खुणा नाहीत. मंगळवारी तुम्ही स्वतः फळीपुढे बसा."

दौलतरावांनी थोडा विचार केला. मग एक कोरा कागद ओढून त्यावर ठसठशीत अक्षरांत 'कौशल्या' लिहिलं, खाली 'धुण्याच्या कामातून कमी' लिहिलं आणि तो काचेच्या वजनाखाली ठेवला. "ग्रोसला दोनपर्यंत कुठलाही दवाखाना चालवून घेतो. दोनपेक्षा एक जास्त निघाली, की या कागदावर तुम्ही सही करायची. निमूट. नाही निघाली तर सात पाणी. कबूल?"

यशवंतने कबूल केलं आणि बाहेर येताच पस्तावला. सावित्रीबाईंच्या हातावर, शालनच्या पोरावर आणि विहिरीच्या पाण्यावर त्याने दुसऱ्याच बाईची भाकरी पणाला लावली होती.

रविवारी त्याला वाचनात शब्द नीट दिसेनात. उपासना संपल्यावर सगळे बाहेर बोलत उभे राहिले. कौशल्यामावशी नेहमीप्रमाणे आत सतरंज्या झटकत होत्या. किती रविवार त्या हे करत होत्या, त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सतरंज्या दर वेळी घातलेल्या असायच्या, आणि पुढच्या वेळी पुन्हा घातलेल्या असायच्या, एवढंच. त्याने एका सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

"उद्या काय ठरलंय, कळलंय ना?" तो म्हणाला.

"सावित्रीनं सांगितलं. तिला कारकुनानं सांगितलं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते तर. काम गेलं तर नगरला भावाकडं जावं लागेल, आणि भावजय काही गोड बाई नाही." त्यांनी टोकाला टोक जुळवलं. "पण आज काळजी करून उद्याची बाटली धुता येते का? आणि यशवंता, आज वाचताना फार घाई केलीस. मागं ऐकू येत नाही. चपलांच्या आवाजात अर्धं जातं."

सोमवारी आठ वाजता सात घमेली ओळीने मांडली गेली. सावित्रीबाईंनी ती पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"सात पानी? अवो, माझ्या लग्नात मला हळद लावून बी येवढं न्हाऊ घातलं न्हवतं."

"सावित्रीबाई, आजच्या दिवस. हात जोडतो."

"जोडू नका, बाटली धरा त्यापरीस," त्या म्हणाल्या, पण पदर खोचून बसल्या. "म्हातारीसाठी करतेय म्हणा. तुमच्या त्या गुलाबी पान्यासाठी न्हाई. गेल्या पावसाळ्यात मला ताप होता तर माझ्या बी बाटल्या तिनंच काढल्या. बोलायची न्हाई ती. मी बी न्हाई बोलले, नोकरी जायची म्हनून."

यशवंत त्यांच्याकडे वळला. "मग गुरुवारी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी खुनांचं इचारलं. बाटल्यांचं कुठं इचारलं?"

दहा वाजता पोर रडायला लागलं. शालनचे हात भरभर चालू लागले, चौथं घमेलं चुकलं. तिने भीतीने इकडेतिकडे पाहिलं.

"जा, पाजून ये," कौशल्याबाई म्हणाल्या. "ती बाटली माझ्याकडं दे. किती झाली होती?"

"नाई आठवत मला," शालन रडवेली होऊन म्हणाली.

"मग पहिल्यापासून."

यशवंत घड्याळ धरून उभा होता. शालन पंचवीस मिनिटं बाहेर होती. कौशल्याबाई एकदा आपली बाटली, एकदा शालनची अशा चालल्या होत्या आणि त्यांचा वेग तसूभर वाढत नव्हता. त्याला किंचाळावंसं वाटत होतं. एका क्षणी तो म्हणालाही, "मावशी, जरा हात उचला." त्यांनी मान हलवली आणि होत्या त्याच वेगाने पुढे गेल्या. शेवटी त्याने बाह्या वर केल्या, शालनच्या जागी बसला आणि मोजू लागला. सावित्रीबाई हसून हसून घमेल्यावर आडव्या झाल्या. अकराव्या बाटलीला त्याचा आकडा चुकला. कौशल्याबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ती बाटली पहिल्या घमेल्यात घातली.

मंगळवारी सकाळी काळ्या फळीपुढे दोन खुर्च्या होत्या. दौलतराव कागद सोबत घेऊनच आले आणि तो त्यांनी दिव्याखाली ठेवला, नाव दिसेल असा. यशवंतने पहिली बाटली उलटी केली. स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसरीत एक पांढरा कण हळूहळू बुचाकडे उतरला.

"एक," दौलतराव म्हणाले.

यशवंतने ती बाजूला ठेवली. कुणाच्या हातची ती, हे कळायला मार्ग नव्हता, खुणा नव्हत्या. ती त्याची स्वतःचीही असू शकत होती. पन्नास झाल्या. ऐंशी झाल्या. शेडच्या दारात सावित्रीबाई काही कारण नसताना झाडू घेऊन उभ्या होत्या. शालन पोर कडेवर घेऊन त्यांच्या मागे होती. कौशल्याबाई तिथे नव्हत्या; आतून घमेल्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता, एकसारखा. शंभराव्या बाटलीला दौलतरावांनी ती यशवंतच्या हातून काढून घेतली, स्वतः दिव्यासमोर धरली, फिरवली आणि परत दिली. एकशे वीस. एकशे चाळीस.

शेवटची बाटली ठेवून यशवंतने वही ओढली आणि लिहिलं:

मंगळवार, १९ मार्च १९५७. पाणी सात. एकूण बाटल्या एकशे चव्वेचाळीस. गढूळ, एक.